मोजून न्यावे, मोजून आणावे

डिसेंबर महिन्यातील पहाट. बेळगावच्या थंडीविषयी बेळगावकरांस वेगळे सांगावयास नको. शाळेच्या पटांगणात अजून अंधार आहे आणि फाटकाजवळ एक बस उभी आहे. तिच्याभोवती स्वेटर, मफलर नि कानटोप्या यांचा घोळका जमला आहे. आया शेवटच्या सूचना देत आहेत. वडील पिशव्या वर चढवून देता देता मुलाच्या खिशात एखादी जादा नोट सरकवीत आहेत. मुलांचे मात्र या दोघांकडेही लक्ष नाही. खिडकीजवळची जागा कोणास मिळणार, हा प्रश्न त्या घटकेस जगातील सर्वांत महत्त्वाचा होऊन बसला आहे. या साऱ्या गलबल्यात एक माणूस हातात कागद घेऊन बसच्या दाराशी उभा आहे. तो बोलत नाही. त्याचे ओठ तेवढे हलत आहेत. तो मोजत आहे.

शाळेची सहल हा निबंधाचा मोठा आवडता विषय. वर्षानुवर्षे मुलांनी तो लिहिला, शिक्षकांनी तो तपासला. तथापि त्या निबंधात सोबतच्या शिक्षकास एका वाक्यापलीकडे जागा मिळालेली क्वचितच आढळेल. ‘सरांनी आम्हांस माहिती सांगितली’ एवढेच ते वाक्य. सरांनी त्या चार दिवसांत काय काय केले, रात्री त्यांना झोप लागली की नाही, दर थांब्यावर त्यांच्या मनात कोणती धाकधूक होती, हे निबंध लिहिणाऱ्यास ठाऊक नसते. आणि ते ठाऊक नसावे हेच योग्य. परंतु पालकांनी, शाळाचालकांनी आणि प्रथमच सहलीबरोबर निघालेल्या तरुण शिक्षकांनी ते जाणून घेण्यासारखे आहे.

याकरिता एक सहल डोळ्यांसमोर आणावी. नववीच्या वर्गातील ४४ विद्यार्थी. त्यांत २४ मुलगे व २० मुली. बरोबर दोन शिक्षक, दोन शिक्षिका आणि शाळेचा एक जुना शिपाई. मार्ग बेळगावच्या शाळांच्या परिचयाचा : पहिल्या दिवशी विजापूर, दुसऱ्या दिवशी ऐहोळे, पट्टदकल व बदामी, तिसऱ्या दिवशी हंपी आणि चौथ्या दिवशी हुबळी-धारवाडवरून परत. एकंदर सुमारे ७५० किलोमीटरांचा प्रवास. दिवस चार, मुक्काम तीन.

बस फाटकाबाहेर पडते त्या क्षणी एक अदृश्य देवघेव होते. ८८ आईबापांच्या काळजीचा भार पाच माणसांच्या खांद्यांवर येतो. ही केवळ भावनेची भाषा नव्हे. कायद्याचीही भाषा हीच आहे. १९९५ सालच्या मे महिन्यात पंजाबातील एका शाळेची मुले बियास नदीकाठी सहलीस गेली असता १४ विद्यार्थी बुडून मरण पावले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २००१ साली न्यायालयाने प्रत्येक मुलाच्या पालकांस ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश कायम केला. सोबतच्या शिक्षकांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी शाळेस झटकून टाकता येणार नाही, हे त्या निकालाचे सार. सहल शाळेच्या भिंतीबाहेर असली, तरी ती शाळाच आहे.

दुर्दैवाने त्या निकालानेही असे प्रसंग थांबले नाहीत. २०१४ सालच्या जून महिन्यात हैदराबादेहून हिमाचल प्रदेशात गेलेले अभियांत्रिकीचे २४ विद्यार्थी त्याच बियास नदीत वाहून गेले. ते पात्रातील खडकांवर उभे होते. वरच्या धरणातून पाणी सोडले गेले आणि पाहता पाहता पात्र भरले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीस आलेल्या शाळकरी मुलांची नौका उलटली. १२ विद्यार्थी आणि त्यांच्याबरोबरच्या दोन शिक्षिका त्या पाण्यातून जिवंत परतल्या नाहीत. नौकेत प्रमाणाबाहेर माणसे घेतलेली होती आणि बहुतेकांच्या अंगावर तरंगण्याची जाकिटे नव्हती. त्याच वर्षी डिसेंबरात मुरुडेश्वरच्या समुद्रात सहलीस आलेल्या चार शाळकरी मुली बुडाल्या. वडोदरा काय, हैदराबाद काय, मुरुडेश्वर काय, ही ठिकाणे या सदराच्या वाचकांस परकी नाहीत. तेथील घरांत मराठी बोलली जाते, किंवा तेथे आपल्या घरची माणसे जातात येतात.

अशी बातमी आली की काही दिवस सगळीकडे एकच सूर निघतो : सहली बंद करा. मुख्याध्यापकांस तो सूर सोयीचा वाटतो, कारण बंद केलेल्या सहलीत अपघात होत नाही. घाबरलेल्या आईसही तो पटतो, आणि तिला दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु त्या निर्णयाने काय गमावते याचा हिशेब एकदा नीट मांडावयास हवा.

विजापूरचा गोलघुमट पुस्तकात एका चौकोनी चित्रात मावतो. प्रत्यक्षात मुलगा कोपऱ्यातील मिनाराच्या अरुंद पायऱ्या चढून वर जातो, घुमटाच्या आतील सज्जात उभा राहतो, भिंतीशी तोंड नेऊन हलकेच मित्राचे नाव घेतो, आणि पलीकडे, कितीतरी अंतरावर उभा असलेला मित्र दचकून मागे पाहतो. ध्वनीचे परावर्तन हा धडा त्या मुलास पुन्हा शिकवावा लागत नाही. हीच ती आदिलशाही राजधानी, जिच्या दरबारी शहाजीराजे होते. येथूनच १६५९ साली अफजलखान निघाला. आजवर इतिहासाच्या पुस्तकात केवळ शत्रूचे गाव म्हणून भेटलेले हे शहर त्या दिवशी रस्ते, बाजार, बुरूज आणि माणसे असलेले एक खरेखुरे गाव होते. हेही शिक्षणच.

ऐहोळ्याच्या टेकडीवरील मेगुटी मंदिराच्या भिंतीवर रविकीर्तीचा शिलालेख आहे. तो शके ५५६ चा, म्हणजे इसवी सन ६३४ च्या सुमाराचा. दुसऱ्या पुलकेशीने नव्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचे आधिपत्य मिळविले, असे त्यात कोरलेले आहे. आणि कवी रविकीर्तीने आपली तुलना कालिदास व भारवी यांच्याशी केलेली आहे. सीमाभागातील मराठी मुलाने कन्नड मुलखाच्या ऐन मध्यावर उभे राहून महाराष्ट्राचे नाव जवळजवळ चौदाशे वर्षांपूर्वीच्या अक्षरांत आहे हे ऐकावे, यात जे शिकावयाचे असते ते कोणत्याही भाषणाने शिकविता येणार नाही. भाषांच्या सीमा आणि माणसांच्या सीमा एकच नसतात, एवढे त्यास न सांगता उमजते. आणि हंपीस विठ्ठलमंदिराच्या मोकळ्या गाभाऱ्यापुढे उभे राहिल्यावर, पंढरीची मूर्ती येथे आली होती आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत नेली, ही वारकऱ्यांची परंपरा ऐकताना आषाढीस घरातून दिंडीला जाणाऱ्या आजीची आठवण कोणास होणार नाही?

तेव्हा सहल टिकली पाहिजे. ती टिकावयाची तर तिची जोखीम ओळखून ती निगुतीने न्यावयास हवी. हे काम बस सुटण्यापूर्वी कित्येक दिवस सुरू होते.

पहिली गोष्ट याद्यांची. प्रत्येक मुलामागे एक ओळ : पालकांचे दूरध्वनी क्रमांक, रक्तगट, दमा, फिट येणे, अमुक औषध वा पदार्थ न चालणे. पालक पुष्कळदा या गोष्टी लपवितात. ‘सांगितले तर नेणार नाहीत’ अशी त्यांना भीती असते. म्हणून शिक्षकाने पालकांच्या सभेत आरंभीच सांगावे, की आजारपण कळल्याने कोणाची जागा जाणार नाही. न कळल्याने मात्र जीव जाऊ शकेल. या यादीच्या तीन प्रती कराव्यात. एक सहलप्रमुखाजवळ, एक दुसऱ्या शिक्षिकेजवळ आणि एक शाळेत.

दुसरी गोष्ट पैशाची. वर्गात दोन-चार मुले अशी असतात, ज्यांच्या घरी सहलीची वर्गणी ऐकून सारे गप्प होतात. ती मुले ‘मला गाडी लागते’ किंवा ‘आमच्याकडे लग्न आहे’ असे सांगून मागे राहतात. चाणाक्ष शिक्षक हे लग्न कोणाचे ते विचारीत बसत नाही. तो मुख्याध्यापकांशी बोलतो, गावातील एखाद्या सज्जन माणसास गाठतो, आणि ती वर्गणी कोणी भरली हे त्या मुलालाच काय, इतर शिक्षकांनाही कळू देत नाही.

तिसरी गोष्ट ड्रायव्हरची. बसचा रंग, तिच्या गाद्या आणि तिच्यातील गाणी यांची चौकशी सारे करतात. ड्रायव्हर कालच्या रात्री झोपला होता काय, हे कोणी विचारीत नाही. १९६१ सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ड्रायव्हरास दिवसाला सामान्यतः आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विसावा असा नेम घालून दिला होता. त्यामागील शहाणपण सोपे आहे. स्टिअरिंगवरचे डोळे थकले की मागील सर्व शिस्त व्यर्थ जाते. मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत माणसाचे शरीर झोप मागते, मग तो कितीही तरबेज असो. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर एक बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी दगावले. त्या आठवणीतून सहलीकरिता दोन नियम घ्यावेत. एक, मुलांना घेऊन रात्रीचा प्रवास करू नये. मुक्काम वाढला तर वाढू द्यावा. दुसरा, बस सुटण्यापूर्वी संकटकाळचा दरवाजा कोठे आहे आणि तो कसा उघडतो हे प्रत्येक मुलास प्रत्यक्ष दाखवावे, आणि त्या दरवाजापुढे सामानाचा ढीग लागू देऊ नये. ड्रायव्हर व क्लीनर यांना मुलांबरोबरच जेवावयास बसवावे. मुले त्यांना पहिल्या दिवसापासून ‘ड्रायव्हरमामा’ म्हणू लागली की मामाही भाच्यांना जपून नेतात, हा साधा मनुष्यस्वभाव आहे.

आता बस चालू लागली आहे. पहिला तास भेंड्यांचा. दुसऱ्या तासास डब्यांची झाकणे उघडतात. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, बेसनाचे लाडू यांची देवाणघेवाण सुरू होते. तिसऱ्या तासास मागील बाकावरून कोणीतरी हळूच सांगते, ‘बाई, हिला कसेतरी होतेय.’ गाडी लागणे हा चेष्टेचा विषय नाही. कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय शरीर हलत असल्याचे सांगते, आणि पुस्तकावर किंवा फोनवर खिळलेले डोळे ते स्थिर असल्याचे सांगतात. या दोन साक्षींचा मेळ न बसल्याने मळमळते. म्हणून अशा मुलीस पुढील बाकावर, खिडकीजवळ बसवावे, दूरच्या क्षितिजाकडे पाहावयास सांगावे आणि पोटास जड काही देऊ नये. ती उलटी करील तेव्हा शेजारच्या मुली नाक धरतील. त्या वेळी शिक्षिकेने काही न बोलता स्वतः पिशवी धरावी. त्यानंतर कोणी हसत नाही.

शिक्षकांनी कोठे बसावे, हाही एक विचार आहे. सारे शिक्षक पुढे बसले तर मागील बाकांचे राज्य वेगळे होते. एकाने पुढे, एकाने मध्ये आणि एकाने अगदी मागे बसावे. मागे बसणाऱ्याने तेथील गप्पा ऐकू येऊनही न ऐकल्यासारखे करावे. जेथे कोणाला टोचून, रडवून चेष्टा चालली असेल तेथेच मान वळवावी. चार तासांच्या प्रवासात वर्गातील असे अनेक गुंते दिसतात, जे वर्षभर फळ्यापुढे उभे राहून दिसलेले नसतात : कोणाशेजारी कोणी बसत नाही, कोणाचा डबा कोणी उघडीत नाही, कोण सारखा खिडकीबाहेर पाहतो. सहलीतून शिक्षकास मिळणारी ही खरी कमाई आहे.

मोबाइल फोनचा प्रश्न अलीकडचा. काही शाळा तो नेऊच देत नाहीत, काही देतात. कोणताही नियम केला तरी एक व्यवस्था उपयोगी पडते : रोज संध्याकाळी ठराविक वेळी सहलप्रमुखाने सर्व पालकांस एकच छोटा निरोप पाठवावा, की ‘सर्व ४४ जण सुखरूप पोहोचले, जेवले.’ या एका ओळीने ४४ घरांतील दिवे वेळेवर मालवतात. आणि ज्या दिवशी काही बरेवाईट घडेल, त्या दिवशी संबंधित पालकांस ते प्रथम शिक्षकाच्या तोंडून कळावे, दुसऱ्याच कोणाच्या फोनमधील छायाचित्रातून कळू नये.

तिसऱ्या दिवशी दुपारी बस हंपीस आहे. दगडी रथ पाहून झाला आहे. विठ्ठलमंदिराच्या स्तंभांवर आघात करू नये, हे दहा वेळा बजावून झाले आहे. परतीची वेळ झाली; मुले बसमध्ये चढली. सहलप्रमुखांनी यादी उघडून नावे घेतली. प्रत्येक नावास ‘हजर’ असे उत्तर आले. ४४ नावे, ४४ उत्तरे. ड्रायव्हरमामांनी किल्ली फिरविली. इतक्यात एक शिक्षिका म्हणाल्या, ‘थांबा, सर.’ त्या मागील बाकापासून पुढे येत प्रत्येक डोक्यास बोट लावून मोजू लागल्या, आणि पुढच्या दारापाशी पोहोचल्या तेव्हा त्यांचा आकडा ४३ होता.

अशा वेळी सहलप्रमुखाच्या पोटात जे होते त्यास शब्द नाहीत. हंपीपासून हाकेच्या अंतरावर तुंगभद्रा वाहते, आणि होसपेटजवळचे मोठे धरण त्याच नदीवर, वरच्या अंगास आहे. २०२४ सालच्या ऑगस्टमध्ये त्या धरणाच्या एका दरवाजाची साखळी तुटून पाण्याचा लोंढा बाहेर पडला होता. बियासच्या काठी २०१४ साली काय झाले ते प्रमुखांस आठवते. तथापि या घटकेस धावत सुटणे हा पहिला मोह असतो, आणि तो आवरावा लागतो. चारही शिक्षक चार दिशांस पळाले, तर बसमधील ४३ मुले कोणाची? म्हणून दोन शिक्षिका व शिपाई बसजवळ राहावेत, एक शिक्षक मंदिराकडे व एक थेट नदीकडे जावा, तेथील रखवालदारांस लगेच सांगावे, आणि पंधरा मिनिटांत मूल न सापडल्यास पोलिसांस कळविण्यास क्षणभरही लाजू नये. शाळेची अब्रू मुलाच्या जिवापेक्षा मोठी नाही.

मुलगा दहा मिनिटांत सापडतो. तो मंदिराच्या मंडपामागील एका ओट्यावर वही घेऊन बसलेला असतो. खांबावर कोरलेल्या घोड्यांचे चित्र काढण्यात त्यास वेळेचे भान राहिलेले नसते. नदीकडे तो फिरकलेलाही नसतो. मग प्रश्न उरतो तो त्या ‘हजर’चा. त्याच्या नावास उत्तर कोणी दिले?

उत्तर त्याच्या शेजारच्या जोडीदाराने दिलेले असते. का दिले, याचे कारण आदल्या दिवशी बदामीस दडलेले असते. तेथे दोन मुले माकडांच्या मागे लागून उशिरा आली, तेव्हा संतापलेल्या सरांनी सर्वांदेखत जाहीर केले होते, की यापुढे जो उशीर करील त्याच्या वडिलांस फोन करून त्याला परत पाठविण्यात येईल. जोडीदारास वाटले, मित्र येईलच धावत. तोवर त्याचे नाव वाचवावे. मित्राच्या प्रेमापोटी आणि सरांच्या धाकापोटी तो खोटे बोलला. बस पाच किलोमीटर गेली असती, तर त्या प्रेमाचे काय झाले असते?

या प्रसंगात सहलीच्या शास्त्राचे सारे मर्म आले आहे. धाकाने मुले रांगेत उभी राहतात, परंतु धाकाने मुले सत्य सांगत नाहीत. आणि सहलीत शिक्षकास रांगेपेक्षा सत्याची गरज अधिक असते. एखादा मुलगा मागे राहिला, एखाद्या मुलीच्या पोटात दुखू लागले, धर्मशाळेत कोणी अनोळखी माणूस खोलीच्या दारापाशी घुटमळला, कोणी मित्र पाण्याकडे गेला, तर हे सर्व प्रथम मुलांना कळते, शिक्षकास नव्हे. मुलांपासून शिक्षकापर्यंतची ती वाट मोकळी राहिली तरच तो त्यांचे रक्षण करू शकतो. ‘उशीर केला तर पाहून घेईन’ असे म्हणणारा शिक्षक ती वाट आपल्याच हाताने बंद करतो. ‘कोणी मागे राहिला तर आधी मला सांगा, रागावणे नंतर पाहू’ असे म्हणणारा शिक्षक ती उघडी ठेवतो.

म्हणून त्या दुपारी सहलप्रमुख दोघा मुलांना बसबाहेर, इतरांच्या नजरेआड घेऊन जातात. आवाज चढवीत नाहीत. चित्र काढणाऱ्यास म्हणतात, ‘चित्र चांगले आहे. पण तू दिसला नाहीस तेव्हा मी नदीचा विचार केला.’ आणि जोडीदारास म्हणतात, ‘तुझे नाव मी यादीतून काढणार नाही. पण यापुढे दर थांब्यावर डोकी मोजण्याचे काम बाईंबरोबर तू करायचे.’ काल आपण दिलेली धमकी चुकीची होती, हेही ते त्यांना सांगतात. शिक्षकाने मुलांपुढे आपली चूक कबूल केल्याने त्याचा मान कमी होतो असे मानणारे पुष्कळ आहेत. चौथ्या दिवशी त्याच मुलांनी आपण होऊन सांगितलेल्या गोष्टी ऐकल्यावर त्यांचे मत बदलेल.

व्यवहाराचा धडाही त्यात आहे. नावे घ्यावीत आणि डोकीही मोजावीत; एकाने घ्यावीत, दुसऱ्याने मोजावीत, आणि दोन्ही आकडे जुळल्यावाचून चाक फिरू नये. मुलांच्या जोड्या कराव्यात, पण जोडीदाराने सांगितले एवढ्यावर विसंबू नये. चहाकरिता पाच मिनिटे उतरले तरी मोजावे. कोणी उतरलेच नाही असे वाटले तरी मोजावे. पाण्याच्या बाबतीत तर अपवादच नसावा. नदी, समुद्र, तलाव, धरणाचा खालचा भाग येथे गुडघाभर पाण्यातही मुलांस उतरू देऊ नये. नौकेत बसावयाचे झाल्यास प्रत्येकाच्या अंगावर जाकीट आणि नौकेवर लिहिलेल्या आकड्याइतकीच माणसे. एरवी नौका काठावरून पाहावी. मुले कुरकुर करतील. ती कुरकुर ऐकत परत यावे.

रात्रीचा मुक्काम ही वेगळीच परीक्षा. मुलींच्या खोल्यांलगत शिक्षिकांची खोली, मुलांच्या खोल्यांलगत शिक्षकांची. दिवे मालवल्यानंतर एक फेरी, मध्यरात्री एक फेरी. शिक्षिकेच्या पिशवीत सॅनिटरी पॅड असावेत आणि ते आहेत हे मुलींना आरंभीच सांगितलेले असावे, म्हणजे कोणास संकोचाने रात्र रडून काढावी लागत नाही. घरापासून प्रथमच दूर झोपणारे एखादे धिप्पाड पोर पांघरुणात तोंड खुपसून मुसमुसत असते. त्यास समजूत नको असते. कोणीतरी पाच मिनिटे उशाशी बसावे एवढेच हवे असते. सकाळी तोच मुलगा सर्वांत मोठ्याने ओरडत बसमध्ये चढतो, आणि रात्रीची गोष्ट शिक्षकाने कोणापाशी काढू नये अशी त्याची अबोल अपेक्षा असते. ती पाळावी.

या सर्व कामाचा मोबदला कोणी देत नाही. सहलीच्या दिवसांची रजा वेगळी मिळत नाही. घरची कामे तुंबतात. एखाद्या शिक्षिकेचे स्वतःचे लहान मूल चार दिवस आजीजवळ राहते. काही बिनसले तर मात्र पहिला प्रश्न त्यांनाच विचारला जातो. म्हणून पालकांनीही आपला वाटा उचलावा. मुलाची प्रकृती लपवू नये, नको तितके पैसे देऊ नयेत, दर तासाला फोन करू नये. आणि मुलास निघताना ‘सरांचे ऐक’ याबरोबरच ‘काही झाले तर सरांना सांग’ असेही बजावावे. दुसरे वाक्य पहिल्यापेक्षा अधिक मोलाचे आहे.

चौथ्या दिवशी रात्री बस पुन्हा त्याच फाटकाशी येऊन उभी राहते. पटांगणात स्कूटरींचे दिवे लागलेले असतात. अर्धवट झोपेतली मुले उतरतात, पिशव्या बदलतात, कोणाची पाण्याची बाटली हरवलेली असते. प्रत्येक मूल आपापल्या माणसाच्या हाती दिले की यादीतील एका नावापुढे खूण होते. ४१, ४२, ४३. शेवटच्या मुलाचे वडील कारखान्यातून सुटून यावयाचे असतात; त्यांना उशीर होतो. इतर शिक्षक निघून जातात. सहलप्रमुख आणि तो मुलगा शाळेच्या पायरीवर बसून राहतात. मुलगा वही उघडून हंपीचे घोडे पुन्हा एकदा दाखवितो. मग सायकलीची घंटा वाजते, मुलगा उठतो, वडिलांच्या मागे बसतो आणि अंधारातून ओरडून म्हणतो, ‘सर, पुढल्या वर्षी कुठे?’

प्रमुख उत्तर देत नाहीत. ते यादीतील चव्वेचाळिसाव्या नावापुढे खूण करतात, कागदाची घडी घालून खिशात ठेवतात, आणि मग घराकडे वळतात.